तेवीस नंबर

फोंड्याला कुंकळकारानं चार बंदुका काउंटरवर मांडल्या,
बाजारात बांगडे मांडावेत तशा, तोंडं एकाच दिशेला.
"काम काय?" त्यानं विचारलं.
खिशाआधी काम विचारणारा दुकानदार
मला बऱ्याच वर्षांनी भेटला.

म्हटलं, दिवाडी बेटावर एक घर.
आठ खिडक्या, काचेच्या नव्हेत, शिंपल्यांच्या.
सागाच्या पट्ट्या बोटभर रुंद, शंभर उन्हाळे सुकलेल्या,
आणि दोन पट्ट्यांमध्ये शिंपल्याचा एकेक पापुद्रा,
ज्यातून उजेड येतो पण शेजारीण दिसत नाही.

सर्वांत मोठी त्यानं न बोलता बाजूला सारली.
ती छपराची. वाशाला वासा जोडणारी.
तिच्यापुढं माझी पट्टी म्हणजे चहातलं बिस्कीट.
मग सोळा नंबर गेली; दाराच्या चौकटीला ठीक.
अठरा मात्र मी सोडेना,
कारण इरण्णानं मडगावात तीच पाहिली होती,
एका दिवसात अख्खं स्वयंपाकघर उभं करणारी,
आणि तेव्हापासून तो माझ्या हातोडीकडे
जरा दयेनंच बघत होता.

"हिचा खिळा डोकं घेऊन आत जातो," कुंकळकार म्हणाला.
"डोकं गेलं की भोक. भोक आलं की लांबी भरा.
सागावर लांबी म्हणजे कपाळावर चिकटपट्टी."

राहिली तेवीस.
आकडा जितका मोठा तितका खिळा बारीक,
हा हिशेब कुणी लावला देव जाणे.
तळहातावर घेतली पिन: केसाएवढी, डोकंच नाही.
"ही धरील काय रे?"
"धरणार नाही. गोंद सुकेपर्यंत थांबेल.
तेवढंच तिचं काम."
आणि पिना स्टेनलेसच्याच घे, म्हणाला,
मांडवीच्या वाऱ्यात साधं लोखंड घातलंस
तर सागावर काळे ओघळ येतील,
आणि ती बाय तुझ्या दारात.

फेरीबोटीत कॉम्प्रेसर स्कूटरींच्या मधोमध उभा केला.
एका बाईनं न विचारता त्याच्यावर पावांची पिशवी टेकवली,
पलीकडच्या धक्क्याला उचलली.

एर्मेलिंडाबायच्या बाल्कांवात
आधी टाकाऊ तुकड्यावर घोडा दाबला.
काटा शंभरावर: पिन पट्टीतून पार, खालच्या फळीत.
ऐंशीवर तेच.
पासष्टावर इरण्णानं पट्टीवरून अंगठा फिरवला,
परत फिरवला,
आणि मान हलवली.

तिसऱ्या खिडकीत एक पिन रेषेबरोबर वळली
आणि आडवी शिंपल्यात शिरली.
आवाज अगदी लहान, नखानं पापड मोडावा तसा.
कोणी काही बोललं नाही. कॉम्प्रेसर मात्र
त्याच वेळी हवा भरायला घरघरला.
बायनं आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला,
कापसात ठेवलेले अकरा शिंपले.
"आजोबांनी जास्तीचे घेऊन ठेवलेले," म्हणाली,
"त्यांना सुतार ठाऊक होते."

भिकू मेस्त सोप्यावर बसून सगळं बघत होता.
वय अठ्ठ्याहत्तर. माझ्या बापाला रंधा धरायला
यानंच शिकवलं.
या खिडक्या शेवटच्या याच्याच हातच्या.
मूठभर खिळे तोंडात धरायचा, एकेक जिभेनं पुढं आणायचा;
ओला खिळा लाकूड फाडत नाही, हे त्याचं शास्त्र.

चार वाजता उठला. "दी रे ती इकडं."
मी दिली. नाक पट्टीला टेकवायला सांगितलं,
नुसता घोडा दाबून ती सुटत नाही, तेही सांगितलं.
त्यानं टेकवलं. फट्.
चष्मा कपाळावर सरकवून तो वाकला,
पट्टी वरून बघितली, कडेनं बघितली.
"खिळा गेला खंय?"
"आहे, मेस्त. आत आहे."
त्याला काही ते पटलं नाही.
पण बंदूक त्यानं परत दिली नाही,
एक वीत पुढं सरकला,
आणि पुढच्या खिळ्यासाठी
डावा हात सवयीनं ओठांकडे नेला.